करमणुकीचा महापूर आणि क्षीण होत चाललेली धारणा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



कोणत्याही संस्थेचा सुवर्णमहोत्सव हा मुळात स्मरणाचा उत्सव असतो. पन्नास वर्षांपूर्वी पाया कोणी घातला, दारोदार फिरून वर्गणी कोणी गोळा केली, अडचणीच्या काळात खांदा कोणी दिला, हे आठवणारी माणसे अजून आहेत म्हणून असा सोहळा संपन्न होऊ शकतो. ज्या समाजाला काही आठवतच नाही त्याला मंडप घालता येईल, भोजन देता येईल, परंतु स्मरणिका काढता येणार नाही. म्हणून या मंगल प्रसंगी स्मृतीविषयी, आणि स्मृतीला आतून पोखरणाऱ्या एका गोड सवयीविषयी विचार करणे औचित्याला धरून होईल.

सायंकाळची जेवणे आटोपल्यावर कोणत्याही मध्यमवर्गीय घरात डोकावून पाहावे. दिवाणखान्यात टीव्ही चालू असतो. समोर चार माणसे बसलेली असतात आणि चौघांच्या हातांत चार मोबाईल असतात. आजोबा आलेले संदेश पुढे पाठवीत असतात, सूनबाई पाककृती पाहत असतात, मुलगा क्रिकेटच्या चित्रफिती पाहतो आणि नातू अंगठ्याने पडदा वर सरकवीत राहतो. दीड तासाने दिवे मालवताना त्यांपैकी कोणालाही विचारावे, "आज काय पाहिलेत?" उत्तर ठरलेले असते : "तसे विशेष काही नाही." या उत्तरात खोटेपणा नाही. खरोखरच विशेष काही उरलेले नसते. दीड तास डोळे उघडे होते, कान उघडे होते, आणि तरी मनात काही साठले नाही.

व्यापारी मंडळींना हिशेबाची भाषा लवकर पटते. रोज दीड तास म्हणजे वर्षाला सुमारे ५४७ तास. जागेपणाचा दिवस १६ तासांचा धरला तर हे वर्षातील ३४ दिवस झाले. संस्थेच्या आयुष्याइतक्या, म्हणजे ५० वर्षांच्या काळात ही रक्कम साडेचार वर्षांहून अधिक होते. एखाद्या पेढीच्या वहीत एवढी रक्कम खर्ची पडावी आणि समोर तपशिलाच्या रकान्यात "विशेष काही नाही" असे लिहिलेले असावे, तर कोणता मालक ती वही मंजूर करील? दुसरा हिशेब सामायिकाचा. सामायिकाचा काळ दोन घटिकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा. तेवढ्याच वेळात अर्ध्या मिनिटाची एक याप्रमाणे ९६ चित्रफिती डोळ्यांसमोरून जातात. त्या ९६ पैकी दुसऱ्या दिवशी सकाळी किती आठवतात, हे ज्याचे त्याने प्रामाणिकपणे मोजून पाहावे.

असे का होते, याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. ज्ञान कसे घडते याचा जो क्रम जैन आचार्यांनी सांगून ठेवला आहे, तो आजच्या या प्रश्नाला जणू नेमका लागू पडतो. मतिज्ञानाच्या चार पायऱ्या तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्या अध्यायात आहेत : अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. टीकाकारांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. दूरवर काहीतरी पांढरे दिसले, हा अवग्रह. ती बगळ्यांची रांग असावी की फडकणारी पताका, अशी जाणण्याची इच्छा झाली, ही ईहा. पंखांची उघडझाप पाहून ते बगळेच आहेत असा निश्चय झाला, हा अवाय. आणि तो निश्चय मनात टिकून राहिला, पुढे आठवला, ही धारणा. स्मृतीचे मूळ धारणेत आहे, आणि धारणेपर्यंत पोहोचायचे तर मधल्या दोन पायऱ्या चढाव्याच लागतात. त्या चढण्यासाठी लागतो तो थोडासा अवकाश.

आजच्या झटपट करमणुकीची सारी रचना हा अवकाश काढून घेण्यावर उभी आहे. पांढरे काहीतरी दिसते न दिसते तोच त्या जागी तांबडे येते, मग निळे येते. "हे काय असावे?" असा प्रश्न उगवण्याआधीच दृश्य पालटते. मन पहिल्याच पायरीवर दिवसभर उभे राहते. कापडाच्या धंद्यातील माणसाला हे चटकन समजेल. सुती कापड मंजिष्ठाच्या तांबड्या रंगात नुसते बुडवून काढले तर ते रंगलेले दिसते खरे, पण पहिल्याच धुण्यात फिके पडते. त्याला आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवावे लागते, तुरटी द्यावी लागते, वाळवावे लागते, तेव्हा कोठे रंग धाग्याला धरतो. मनालाही असाच वेळ द्यावा लागतो. विनोद, करुणा, आश्चर्य, संताप हे सारे रंग रोज मनावर ओतले जातात, परंतु एकही पक्का बसत नाही.

येथे कोणी म्हणेल, करमणुकीला विरोध करणे हा म्हाताऱ्यांचा जुनाच छंद आहे. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिलेच पाहिजे. मनोरंजन हे सदासर्वकाळ स्मृतीचे शत्रू होते, असे इतिहास सांगत नाही. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून 'गीतरामायणा'चे प्रसारण सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते सुधीर फडके यांच्या संगीतात वर्षभर, आठवड्याला एक याप्रमाणे ऐकविली गेली. ते निखळ मनोरंजनही होते आणि लोकप्रियही होते. एक गीत झाले की पुढच्यासाठी सात दिवस थांबावे लागे. त्या सात दिवसांत ते गुणगुणले जाई, त्यावर चर्चा होई, घरातील मुलांच्या तोंडी ते बसे. सत्तर वर्षे लोटली, तरी महाराष्ट्रात ती गीते पाठ असणारी माणसे घरोघरी भेटतात. पुढे २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर 'रामायण' मालिका सुरू झाली. तीही आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी येई. एकाच संचापुढे शेजारीपाजारी जमत आणि आठवडाभर बोलत. २०२० मधील टाळेबंदीत तीच मालिका पुन्हा दाखविली गेली, तेव्हा तेहतीस वर्षांपूर्वीचे प्रसंग अनेकांना आधीच ठाऊक होते.

मग बिघडले काय? थांबण्याची जागा नाहीशी झाली. १९९१-९२ पासून उपग्रह वाहिन्या आल्या आणि पाहण्यासारखे काही नसण्याची वेळच उरली नाही. साप्ताहिक मालिका दैनंदिन झाल्या. १९७२ मध्ये मुंबईत दूरदर्शनचे केंद्र सुरू झाले तेव्हा संध्याकाळच्या मोजक्या तासांनंतर पडदा काळा होत असे आणि माणसे झोपायला किंवा बोलायला मोकळी होत. पुढे २००६ मध्ये आझा रास्किन या अमेरिकन रचनाकाराने पडद्याखालचे पान कधीच न संपण्याची युक्ती काढली. पुढील पान उघडण्यासाठी जी कळ दाबावी लागे, तीच काढून टाकली गेली. आपल्या या शोधाबद्दल नंतर त्याने जाहीरपणे खेद व्यक्त केला. २०१६ नंतर भारतात मोबाईलवरील इंटरनेट अत्यंत स्वस्त झाले. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, परंतु त्याच वर्षी इन्स्टाग्रामची 'रील्स' आणि यूट्यूबची 'शॉर्ट्स' भारतात सुरू झाली. एक दुकान बंद झाले, त्याच आळीत दोन उघडली.

या सर्व व्यवहारात ग्राहक कोण आणि माल कोणता, हे प्रत्येक व्यापाऱ्याने नीट ओळखले पाहिजे. जे फुकट मिळते त्याची किंमत कोणीतरी मोजतच असतो. २००४ मध्ये फ्रान्समधील एका मोठ्या दूरचित्रवाहिनीचे प्रमुख पॅट्रिक ल ले यांनी हे सत्य आडपडदा न ठेवता सांगितले. आपण कोकाकोलाला प्रेक्षकांच्या मेंदूचा मोकळा वेळ विकतो, अशा अर्थाचे त्यांचे विधान पुष्कळ गाजले. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी आपली स्पर्धा माणसाच्या झोपेशी आहे, असे म्हटले होते. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी तर १९७१ मध्येच बजावले होते की जेथे माहितीची सुबत्ता होते तेथे अवधानाचे दारिद्र्य येते. तात्पर्य, पडद्यासमोर बसलेला मनुष्य गिऱ्हाईक नसून तोच गाठोड्यात बांधलेला माल आहे. विकणाऱ्याला त्याच्या स्मृतीशी काही कर्तव्य नाही. उलट, पाहिलेले विसरले गेले तर पुन्हा तेच नव्या वेष्टनात विकता येते.

विसरणे हा मनाचा धर्मच आहे, हेही मान्य केले पाहिजे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखविले की अर्थहीन अक्षरसमूह पाठ केले तर तासाभरातच त्यांतील निम्म्याहून अधिक निसटतात. मात्र थोड्या थोड्या अंतराने उजळणी केली तर विस्मरणाचा वेग मंदावतो. ज्या परंपरेने वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश असे स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले, तिला हे नवे नाही. आम्नाय म्हणजे शुद्ध उच्चारांसह पुनःपुन्हा घोकणे, आणि अनुप्रेक्षा म्हणजे त्यावर चिंतन करणे.

परंतु झटपट करमणुकीचा परिणाम याहून अधिक खोल जातो. २०२३ मध्ये जर्मनीतील म्युनिक येथील संशोधकांनी ६० जणांवर एक प्रयोग केला. प्रत्येकाला एक काम दिले आणि काही विशिष्ट शब्द दिसताच वेगळी कळ दाबायची, हे लक्षात ठेवण्यास सांगितले. मध्ये दहा मिनिटांची विश्रांती दिली. काहीजण नुसते बसले, काहींनी ट्विटर वाचले, काहींनी यूट्यूबवर चित्रफीत पाहिली, आणि काहींनी टिकटॉकच्या तोकड्या चित्रफिती पाहिल्या. विश्रांतीनंतर ठरविलेली गोष्ट करण्याची आठवण लक्षणीयरीत्या ढासळली ती केवळ टिकटॉक पाहणाऱ्यांची. एक छोटासा प्रयोग म्हणून त्याच्या मर्यादा आहेत, तरी त्यातून निघणारा इशारा गंभीर आहे. येथे हरवली ती जुनी आठवण नव्हती. "मला पुढे अमुक करायचे आहे" या संकल्पाची आठवण हरवली.

आता हा प्रश्न केवळ परीक्षेतील गुणांचा किंवा चष्म्याच्या नंबराचा उरत नाही. श्रावकाचे सारे जीवन संकल्पाच्या स्मरणावर उभे आहे. प्रत्याख्यान म्हणजे काय? सकाळी केलेला निश्चय दुपारच्या मोहाच्या क्षणी आठवणे. ज्याला दहा मिनिटांपूर्वी ठरविलेले आठवत नाही, त्याचे व्रत मोडत नाही, ते नकळत गळून पडते. प्रतिक्रमण म्हणजे काय? दिवसभरात कोठे वाणी कठोर झाली, कोठे मापात कसूर झाली, कोणाचे मन दुखावले, याकडे मागे वळून पाहणे. मागे वळून पाहायला मागे काहीतरी शिल्लक असावे लागते. जो दिवस ओळखू न येणाऱ्या शेकडो दृश्यांत विरघळून गेला, त्याचे प्रतिक्रमण कसे करणार? संवत्सरीला सर्वांना "मिच्छामि दुक्कडम्" म्हणून एकच संदेश शंभर जणांना एका क्षणात पाठविता येतो, परंतु यांतील कोणाला नेमके काय बोलून दुखावले हे आठवत नसेल तर क्षमा कशाची मागितली? विस्मृतीचा खरा तोटा येथे आहे. बधिर झालेल्या अवधानाने सदसद्विवेकही बधिर होतो.

परंपरेने या अवस्थेला नाव दिलेले आहे : प्रमाद. कर्मबंधाच्या पाच कारणांत मिथ्यादर्शन, अविरती, कषाय आणि योग यांच्याबरोबर प्रमाद गणला आहे. उत्तराध्ययनसूत्रातील द्रुमपत्रक अध्ययनात गौतमस्वामींसारख्या गणधरांनाही एक क्षणसुद्धा प्रमाद न करण्याविषयी पुनःपुन्हा बजावले आहे. प्रमादाच्या भेदांत चार विकथा येतात : स्त्रीकथा, भक्तकथा म्हणजे भोजनाच्या गप्पा, देशकथा आणि राजकथा. आजच्या वाहिन्यांची यादी या चार नावांपुढे ठेवून पाहावी. कौटुंबिक कारस्थानांच्या मालिका, चोवीस तास चालणारे खाद्यपदार्थांचे कार्यक्रम, देशोदेशीच्या खमंग वार्ता आणि रात्री नऊ वाजताची राजकारणावरील आरडाओरड. नावे बदलली, माल तोच राहिला.

तथापि कथेवर जैन परंपरेचा रोष कधीच नव्हता, हेही तितकेच खरे. आचार्य उद्योतनसूरींनी इसवी सन ७७९ मध्ये जालोर येथे 'कुवलयमाला' ही प्राकृत कथा पूर्ण केली. तिच्यात प्रवास आहे, समुद्रावरील वादळे आहेत, प्रेम आहे, विनोद आहे. लोभदेव नावाचा व्यापारी घोडे घेऊन शूर्पारकास, म्हणजे आजच्या सोपाऱ्यास येतो आणि तेथील व्यापाऱ्यांच्या बैठकीत देशोदेशीच्या नफ्याच्या गोष्टी ऐकून त्याचा लोभ चेततो. त्यापायी तो आपल्या मित्राच्या जिवावर उठतो. क्रोध, मान, माया, लोभ आणि मोह यांची ही कथा साडेबाराशे वर्षांनंतरही वाचली जाते, कारण ती वाचणाऱ्याला स्वतःकडे पाहावयास लावते. विकथा आणि धर्मकथा यांतील फरक रंजकतेचा नाही. ऐकून झाल्यावर मनात काय जागे राहते, यावर तो ठरतो.

स्मृती गमावण्याची किंमत ही परंपरा फार जवळून जाणते. भगवंतांची वाणी शतकानुशतके मुखोद्गतच होती. श्वेतांबर परंपरेनुसार बारा वर्षांच्या भीषण दुष्काळात अनेक श्रुतधर मुनी काळाच्या पडद्याआड गेले आणि ज्ञानाची मोठी हानी झाली. पुढे वीरनिर्वाण संवत ९८० च्या सुमारास वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमण यांनी उरलेले आगम ग्रंथारूढ केले. दिगंबर परंपरेत गिरनारच्या गुहेतील वृद्ध धरसेनाचार्यांनी आपल्याजवळचे श्रुत लुप्त होऊ नये म्हणून पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना बोलावून शिकविले. त्यातून 'षट्खंडागम' सिद्ध झाला आणि त्याच्या स्मरणार्थ श्रुतपंचमी पाळली जाते. तेव्हाचे विस्मरण दुष्काळाने घडविले होते. आजचे विस्मरण सुकाळाने घडविले आहे. दुष्काळाविरुद्ध लढणे सोपे होते, कारण पोटाला चटका बसत होता. सुकाळात चटका बसत नाही, म्हणून कोणी जागे होत नाही.

अवधानाचे सामर्थ्य केवढे असू शकते याचे उदाहरण याच मुंबईच्या व्यापारी जगात घडले आहे. १८८७ मध्ये श्रीमद् राजचंद्र यांनी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये शतावधानाचा प्रयोग केला. शंभर वेगवेगळ्या गोष्टी त्यांनी एकाच बैठकीत ध्यानात ठेवून क्रमाने सांगितल्या. नंतर ते जवाहिराच्या व्यापारात नावारूपाला आले आणि १८९१ मध्ये विलायतेहून परतलेल्या गांधीजींवर त्यांचा गाढ प्रभाव पडला. विशेष हे की आत्मसाधनेत अडसर ठरतात म्हणून अवधानाचे जाहीर प्रयोग त्यांनी स्वतःहून सोडून दिले. टाळ्यांसाठी स्मृती खर्च करणे त्यांनी नाकारले. सामान्य माणसाला शतावधान साधणार नाही. एकावधान साधले तरी पुरे आहे.

थकलेल्या माणसाने विसावा घेऊ नये, असे येथे सुचवायचे नाही. दिवसभर गादीवर बसून गिऱ्हाइकांशी बोललेला माणूस, किंवा स्वयंपाकघरात उभी राहिलेली गृहिणी, यांना विरंगुळा हवाच. परंतु विसाव्यानंतर माणूस ताजा होतो, आणि बधिरतेनंतर तो अधिकच थकतो. ही कसोटी ज्याने त्याने आपापल्या घरी लावावी. यात तरुणांनाच दोष देऊनही चालणार नाही. आजोबांच्या हातातून मोबाईल सुटत नसेल तर नातवाला उपदेश करण्याचा अधिकार त्यांना उरत नाही.

धार्मिक संस्थांनीही आत्मपरीक्षण करणे आवश्यक आहे. चित्रपटाच्या चालीवर बसविलेली स्तवने, डोळे दिपविणारी रोषणाई, भल्या मोठ्या पडद्यावर धावणारी दृश्ये आणि ती टिपण्यासाठी उंचावलेले शेकडो मोबाईल, यांतून भाविक घरी जातो तेव्हा त्याच्या ओठांवर चाल असते, शब्द नसतात. महोत्सव भव्य झाला, परंतु एकही गाथा कोणाच्या कंठात बसली नाही, तर त्या भव्यतेचे फलित काय?

उपाय अवघड नाहीत. काय पाहायचे ते आधी ठरवावे, तेवढेच पाहावे आणि उठावे. एकामागोमाग आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफिती बंद करण्याची सोय बहुतेक मोबाईलमध्ये असते, तिचा उपयोग करावा. पाहिलेले किंवा ऐकलेले त्याच दिवशी घरातील एकाला तरी सांगावे. पूर्वी प्रवचनाहून आलेल्या सासूबाई स्वयंपाकघरात सुनेला सारे प्रवचन पुन्हा सांगत, तीच त्यांची अनुप्रेक्षा होती. नातवाला "किती वेळ पाहिलेस?" असे दरडावण्याऐवजी "काय पाहिलेस, मला सांग" असे मायेने विचारावे. आठवड्याला एक गाथा घरातील सर्वांनी मिळून पाठ करावी. वर्षाच्या ५२ होतील. आणि दिवसातील दोन घटिका, अवघी ४८ मिनिटे, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून काढाव्यात. पाठशाळेच्या वार्षिक कार्यक्रमात नृत्याच्या बक्षिसांबरोबर पाठांतराचे आणि कथाकथनाचे बक्षीसही ठेवले जावे, अशी विनंती विश्वस्त मंडळास नम्रपणे करावीशी वाटते.

पुढील पन्नास वर्षांनी या संस्थेचा शताब्दी महोत्सव होईल. आज जी बालके पहिल्या रांगेत बसली आहेत, ती तेव्हा आजी-आजोबा असतील. त्या वेळी कोणी त्यांना विचारील, "सुवर्णमहोत्सवात काय घडले होते?" त्यांचे उत्तर "तसे विशेष काही नाही" असे असू नये. त्यासाठी ज्येष्ठांनी आजपासूनच स्वतःच्या घरात थोडी शांतता आणि थोडी उजळणी यांना जागा करून द्यावी, एवढीच प्रार्थना.